पारणे नसलेला उपवास



दरवर्षी या स्मरणिकेसाठी मी एखादी पाककृती लिहून देते. यंदा चिटणीसबाईंनी मागणी केली तेव्हा मी म्हटले, "या खेपेस खाण्याविषयी नको, न खाण्याविषयी लिहू का?" विषय नीट ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "लिहाच." म्हणून हे धाडस. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तकांतली माहिती माझ्या मुलीने वाचून मला मराठीत समजावून सांगितली आणि मी ती दुपारच्या फावल्या वेळात वहीत उतरवून घेतली. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

घरात धान्याचे डबे भरलेले आहेत, आई ताट वाढून वाट पाहत आहे, आणि वयात आलेली मुलगी अन्नाला शिवत नाही. देवाचा उपवास म्हणावा तर तसे नाही; पोटाचा विकार म्हणावा तर तपासणीत काही सापडत नाही. ती दिवसेंदिवस वाळत जाते, आणि आरशासमोर उभी राहून म्हणते, "मी अजून जाडच आहे." भगिनींनो, हे नखरे नव्हेत, हा आजार आहे. डॉक्टर त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. मनाच्या ज्या आजारांनी माणसे दगावतात, त्यांत याचा क्रमांक फार वरचा आहे. मुलग्यांनाही तो होतो, पण मुलींना अधिक.

या आजाराचा इतिहास समजून घेताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ही उपाशी मुलगी सहसा एकटी नसे. तिच्याभोवती माणसे असत. कधी त्या माणसांनी तिच्या उपाशीपणाचे कौतुक केले आणि ती गेली. कधी त्यांनी शेजारी बसून तिला जेवू घातले आणि ती वाचली. चार माणसांचा मेळावा तारूही शकतो आणि मारूही शकतो. मंडळ चालविणाऱ्या आपणा बायकांना हे ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

फार जुनी हकीकत इटली देशातील आहे. सिएना या गावी १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी कॅथरीन नावाची मुलगी जन्मली. घरात भावंडांची संख्या विसाच्या वर. मुलगी लहानपणापासून देवभक्त. पुढे तिचे अन्न हळूहळू सुटत गेले. तिच्या धर्मगुरूंनी आणि इतरांनी जेवण्याविषयी सांगून पाहिले. तिने पत्रातून उत्तर दिले की, मला इतरांसारखे जेवता यावे म्हणून मी देवाची प्रार्थना करते, पण जेवता येत नाही. बाई मोठ्या योग्यतेची होती. खुद्द पोपला पत्रे लिहून, फ्रान्स सोडून रोमला परत यावे असा तिने आग्रह धरला होता. १३८० साली वयाच्या ३३ व्या वर्षी ती रोममध्ये वारली आणि १४६१ साली तिला संत ठरविण्यात आले. तिचे न जेवणे ही भक्ती की व्याधी, याविषयी विद्वानांत वाद आहे. तो वाद मी काय सोडविणार? परंतु पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सुमारे शंभर वर्षांनी रिएटी गावची कोलंबा नावाची तरुणी कॅथरीनचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवून तशीच अन्न टाकून राहू लागली. तीही १५०१ साली, तरुण वयातच गेली. ज्या गोष्टीचे कौतुक होते तिचे अनुकरण होते, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

वैद्यकाच्या पुस्तकात हा आजार स्पष्टपणे लिहिला तो लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरने, १६८९ साली. त्याचे पुस्तक क्षयरोगावर होते. त्यात त्याने १८ वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे. अंगात ताप नाही, खोकला नाही, तरी मुलगी नुसती हाडे आणि कातडे उरलेली. औषधांनी काही दिवस उतार पडला. मग ती औषधांना कंटाळली, आता मला माझ्यावर सोडा म्हणाली, आणि तीन महिन्यांनी चक्कर येऊन तिचा अंत झाला. त्याच पुस्तकात १६ वर्षांच्या एका मुलाचीही गोष्ट आहे. हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा, अभ्यासात गढलेला. मॉर्टनने त्याची पुस्तके बंद करविली, त्याला खेड्यातल्या मोकळ्या हवेत पाठविले, घोड्यावर बसविले, दूध सुरू केले. मुलगा पुष्कळसा सुधारला. एकीला तिच्या म्हणण्याप्रमाणे सोडून दिले आणि एकाचे राहणे बदलले. दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या.

आता जी हकीकत सांगते, ती ऐकताना माझा जीव कासावीस झाला. वेल्स प्रांतातील एका शेतकऱ्याच्या घरी सारा जेकब नावाची मुलगी होती. जन्म १८५७ सालचा. वयाच्या नवव्या वर्षी ती आजारी पडली आणि अंथरुणाला खिळली. १८६७ च्या ऑक्टोबरपासून मुलीने अन्नाचा कणही घेतलेला नाही, असे आईबाप सांगू लागले. गावच्या धर्मगुरूने १८६९ साली वर्तमानपत्राला पत्र लिहून ही नवलाई प्रसिद्ध केली. मग काय विचारता! लांबलांबून माणसे आगगाडीने येऊ लागली. स्टेशनावर वाट दाखवायला पोरे उभी राहत. सारा बिछान्यावर फिती लावून, फुले माळून, छानशी नटून पडलेली असे. येणारे लोक तिच्यापाशी पैसे आणि भेटवस्तू ठेवून जात.

अन्नावाचून कोणी जगत नाही, हे शहाण्या माणसांना कळत होते. मुलगी चोरून थोडेसे खात असणार हे उघड होते. शोध लावण्यासाठी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून चार परिचारिका आणविल्या. ९ डिसेंबर १८६९ पासून त्यांनी रात्रंदिवस पहारा केला. मुलीने मागितले तर अन्न द्यायचे, आपण होऊन पुढे करायचे नाही, असा त्यांना हुकूम होता. आता चोरून खाणेही बंद झाले. मुलगी मलूल होत चालली. पहारा उठवा, असे आईबापांना सांगूनही त्यांनी ऐकले नाही. १७ डिसेंबरला ती मेली. वय १२ वर्षे. पुढे खटला होऊन १८७० साली बापाला बारा महिने आणि आईला सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली.

भगिनींनो, त्या खोलीत किती माणसे येऊन गेली असतील! कोणी फुले दिली, कोणी नाणी दिली, कोणी नवल केले, कोणी संशय घेतला. पण पेजेची वाटी घेऊन, "बाळ, तू खाल्लेस तरी आम्ही तुला तितकेच चांगले म्हणू," असे सांगणारे कोणी पुढे आले नाही. चोरून खाल्ले असे कबूल करावे तर सगळा मान जाणार, न खावे तर जीव जाणार. बारा वर्षांच्या पोरीने मान सांभाळला.

ज्या गाय्ज रुग्णालयाच्या त्या परिचारिका होत्या, त्याच रुग्णालयातील सर विल्यम गल या नामांकित डॉक्टरने १८७३ साली लंडनमध्ये या आजारावर निबंध वाचला आणि 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केले. निबंध छापून आला तेव्हा त्यात मुलींची आजारातील आणि बऱ्या झाल्यानंतरची चित्रे शेजारी शेजारी दिली होती. एकात म्हातारीसारखा चेहरा, दुसऱ्यात तीच मुलगी गालांवर गोलाई आलेली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही या आजारातून मुली बऱ्या होत होत्या. गलचा उपाय साधा होता : ठराविक वेळेला अन्न द्यायचे, ऊब द्यायची, आणि मुलीच्या इच्छेवर सोडायचे नाही. नातेवाईक हे मात्र शुश्रूषेला सर्वांत वाईट, असे त्याचे मत पडले. त्या मताला पुढे कसे उत्तर मिळाले ते सांगणारच आहे.

त्याच वर्षी पॅरिसमधील लासेग या डॉक्टरनेही याच आजारावर लिहिले. त्याने घरच्यांचेही वर्णन केले आहे. आधी घरचे विनवण्या करतात, मग धमक्या देतात. पदार्थ बदलून पाहतात, रडतात, शपथा घालतात. होता होता साऱ्या घराचे बोलणे मुलीच्या ताटाभोवतीच फिरू लागते. हे ऐकले तेव्हा मला वाटले, हा फ्रेंच माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लिहीत होता की काय!

आता कोणी म्हणेल, "मुलीच हट्टी असतात, दुसरे काय?" त्याला उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपात माणसे उपासमारीने हैराण झाली होती. त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुण निवडले. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तयार नव्हते, म्हणून लोकसेवेखातर आपण होऊन या कामी आले होते. त्यांना २४ आठवडे अपुऱ्या अन्नावर ठेवले. तरुण हसतेखेळते होते, ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येत. ज्यांनी कधी चूल पेटविली नव्हती ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले. काही जण ताट चाटून पुसून घेत. त्यांतला कोणी वयात येणारी मुलगी नव्हता, कोणाला बारीक दिसायचे नव्हते. म्हणजे उपासमार स्वतःच मन आजारी करते. मन आजारी म्हणून मुलगी खात नाही, आणि खात नाही म्हणून मन आणखी आजारी होते. अशा भोवऱ्यात सापडलेल्या मुलीला "हट्ट सोड" म्हणणे, म्हणजे बुडणाऱ्याला "पोहून ये" म्हणणे.

यानंतरच्या काळात हिल्डे ब्रूख या डॉक्टरबाईंचे नाव येते. जर्मनीत १९०४ साली जन्मलेल्या या बाई पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि त्यांनी सारे आयुष्य या मुलींसाठी वेचले. त्यांचे 'सोन्याचा पिंजरा' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक १९७८ साली निघाले. सुखवस्तू घरातली, शहाणी, सर्वांची आज्ञा पाळणारी मुलगी आतून कशी कोंडलेली असते, आणि "निदान माझे शरीर तरी माझ्या हुकमात आहे" एवढ्यासाठी ती अन्न कशी टाकते, हे त्यांनी दाखविले. आयुष्याच्या शेवटी शेवटी त्यांनी एक बदल नोंदविला. पूर्वीच्या मुलींनी या आजाराचे नावही ऐकलेले नसे, प्रत्येकीला वाटे ही वाट मला एकटीलाच सापडली. पुढे पुढे मात्र मुली एकमेकींविषयी वाचू लागल्या, ऐकू लागल्या, एकमेकींचे पाहून करू लागल्या. एकटीचा आजार घोळक्याचा झाला. ब्रूखबाई १९८४ साली वारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, कॅरन कार्पेंटर ही अमेरिकेची लाडकी गायिका अवघ्या ३२ व्या वर्षी याच आजारापायी गेली, तेव्हा कुठे घराघरांतून या आजाराचे नाव पोहोचले.

हे खूळ गोऱ्या लोकांचे, आपल्याकडे कोठले, असे म्हणावे तर फिजी बेटांची गोष्ट ऐका. फिजीच्या मूळच्या रहिवाशांत अंगाने भरलेली बाई चांगली मानीत. कोणी बारीक झाली तर घरचे काळजीत पडत, तिची भूक का गेली म्हणून झाडपाल्याचे औषध करीत. तेथील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरदर्शन संच आले. अ‍ॅन बेकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी त्याच वर्षी तेथील ६३ शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ साली तशाच ६५ मुलींची पुन्हा केली. खाल्लेले मुद्दाम बाहेर टाकून वजन ताब्यात ठेवणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. परदेशी मालिकांतल्या नट्यांसारखे दिसावे, तसे दिसले तर नोकरी मिळेल, पुढे जाता येईल, असे मुली सांगत. शेकडो वर्षांची रीत तीन वर्षांत हलली. मग आपल्याकडच्या रीती काय अधिक पक्क्या असणार?

दूरदर्शनवरची नटी निदान आपल्याशी बोलत तरी नाही. पुढे इंटरनेट आले आणि उपाशी मुलींना एकमेकींशी बोलण्याची सोय झाली. २००० सालाच्या आसपास अमेरिका आणि युरोपातील मुलींनी अशा जागा उघडल्या, की जेथे हा आजार म्हणजे आजार नव्हेच, ती राहण्याची एक रीत आहे असे म्हणत. आजाराच्या नावाचे लाडके रूप करून त्यांनी त्याला 'अ‍ॅना' हे मुलीचे नाव दिले. अ‍ॅना माझी मैत्रीण, अ‍ॅना रागावेल, अशी भाषा! आज कोणी किती वेळ उपाशी राहिले याची चढाओढ, हाडे दिसणारी छायाचित्रे, आणि आईच्या डोळ्यांत धूळ कशी फेकावी याच्या युक्त्या. त्या युक्त्या मला समजल्या आहेत, पण येथे मुद्दाम लिहीत नाही. छापलेला कागद कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही.

२००१ साली अमेरिकेतील 'अ‍ॅनॅड' या रुग्णसाहाय्य संस्थेने तक्रार केल्यावर याहू कंपनीने अशा कितीतरी जागा बंद केल्या. त्या दुसरीकडे उघडल्या. २०१२ साली टंबलर, पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम यांनी असा मजकूर चालणार नाही असे नियम केले. मुलींनी शब्दांचे स्पेलिंग बदलून तोच मजकूर पुन्हा घातला. २०२१ साली इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीतील आतले कागद बाहेर आले. त्यांत कंपनीनेच नोंदविले होते की, आपल्या देहाविषयी खंत वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींत एकीची खंत या ठिकाणी वाढते. हल्ली तर शोधावेही लागत नाही. मुलीने एकदा तसले चित्र टक लावून पाहिले की यंत्रच तिच्यापुढे तशी आणखी दहा आणून ठेवते. सारा जेकबला पाहायला लोकांना आगगाडीने जावे लागे. आता ते सारे कौतुक पांघरुणाखाली मोबाईलमध्ये मावते.

हे सारे दूरच्या देशांत राहिले असते तर मी ही वही भरली नसती. माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला पंधराव्या वर्षी हा आजार झाला. अभ्यासात हुशार, स्वभावाने गरीब. आधी पोळी सुटली, मग भात, मग "मैत्रिणीकडे जेवून आले" असे रोजचे झाले. पाळी थांबली, भर उन्हाळ्यात हात गार पडू लागले, जिना चढताना एकदा घेरी आली. तिच्या मोबाईलमध्ये कुठल्या कुठल्या गावच्या, कधी न पाहिलेल्या मुलींचा एक ग्रुप होता. रोज रात्री तेथे ती आपण दिवसभर काय खाल्ले नाही ते लिहीत असे आणि मग शाबासकी येत असे. पुढे कधीतरी तिने मला सांगितले, "काकू, घरी सगळे जेव जेव म्हणून ओरडायचे. तिथे मात्र कुणीतरी विचारायचे, आज तुला कसे वाटते?" हे वाक्य मी विसरले नाही. त्या मुली वाईट नव्हत्या हो. त्याही आजारीच होत्या. बुडणाऱ्यांनी एकमेकींचे हात धरले होते, एवढेच.

आता बरे होण्याचा इतिहास सांगते, कारण तो अधिक मोलाचा आहे. वर ज्या 'अ‍ॅनॅड' संस्थेचे नाव आले, ती १९७६ साली इलिनॉय राज्यात व्हिव्हियन मीहन या बाईंनी काढली. आजारी मुली आणि त्यांचे घरचे यांना एकत्र बसवायचे आणि बोलते करायचे, हे तिचे काम. इंग्लंडातही अशाच स्वयंसाहाय्याच्या गटांतून १९८९ साली एक संस्था उभी राहिली. ती आज 'बीट' या नावाने ओळखली जाते. उपाशी मुलीला मेळावा हवा असतो हे खरे. मग तो बरे होणाऱ्यांचा का असू नये, हा त्यामागचा विचार.

दुसरा मोठा बदल लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात झाला. तेथील रसेल, डेअर, आयझ्लर आदी डॉक्टरांनी १९८७ साली ८० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला आणि ज्यांना आजारी पडून तीन वर्षे झालेली नव्हती, अशा मुलींना घरच्यांसह उपचार दिले तर एकटीला दिलेल्या उपचारापेक्षा अधिक गुण येतो, असे त्यात दिसून आले. गलसाहेबांनी ज्यांना सर्वांत वाईट ठरविले होते, तेच नातेवाईक शिकवून तयार केले तर सर्वांत उपयोगी ठरले! या उपचारात डॉक्टर आईबापांना दोष देत नाहीत. आजार निराळा आणि मुलगी निराळी, असे समजावतात. पहिल्या टप्प्यात मुलीने काय आणि किती खायचे ते आईबाप ठरवितात आणि प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात. वजन सावरू लागले की तो अधिकार हळूहळू मुलीच्या हाती परत देतात. शेवटी तिच्या वयाच्या इतर अडचणींकडे पाहतात. सुरुवातीच्या दिवसांत तर सारे घर डबा घेऊन डॉक्टरांकडे जाते आणि त्यांच्यासमोर जेवायला बसते.

एका अमेरिकन आईने आपल्या मुलीच्या आजारपणानंतर पुस्तक लिहिले आणि २००८ साली 'फीस्ट' नावाची आईबापांची संस्था काढली. फीस्ट म्हणजे मेजवानी. जगभरातल्या आया तेथे इंटरनेटवरूनच एकमेकींना धीर देतात. ज्या तारेवरून विष येते त्याच तारेवरून औषधही आणता येते, हे त्या बाईने दाखविले.

आमच्या घरी हेच झाले. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी आधी तपासण्या केल्या, कारण फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर घालणेही जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे लागते. मानसोपचाराचे डॉक्टर वेगळे. माझी जाऊ सकाळी शेजारी बसे, दुपारी मी, रात्री तिचे वडील. एका एका घासाला अर्धा अर्धा तास. पोरगी रडे, ताट सारी, आम्हांला वाटेल ते बोले. डॉक्टरांनी बजावले होते, "हे ती नव्हे, तिचा आजार बोलतो आहे." म्हणून आम्ही उलट बोललो नाही आणि उठूनही गेलो नाही. जेवताना वजनाची गोष्ट काढायची नाही, गाण्याची काढायची, मांजराची काढायची. दीड वर्ष लागले. मध्ये दोनदा गाडी पुन्हा घसरली. आज ती कॉलेजात आहे आणि डबा नेते.

भगिनींनो, आपण उपासतापास करणाऱ्या बायका. एकादशी, सोमवार, हरतालिका सारे करतो. पण आपल्या धर्माने उपवासाला पारणे लावून दिले आहे. ठरलेल्या वेळी उपवास सुटतो, कोणीतरी ताट वाढून वाट पाहत असते, आणि उपवास सोडणे हाही व्रताचाच भाग असतो. या मुलींच्या उपवासाला पारणे नाही, आणि तेथेच व्रत आणि व्याधी यांतला फरक कळतो. आपल्या मुलीचा उपवास सुटत नसेल, वाढतच असेल, तर तो देवाचा नाही असे समजावे.

आपल्या मंडळापुरते मी एवढेच सुचविते. हळदीकुंकवाला आलेल्या मुलीला "अगबाई, किती जाडी झालीस" म्हणू नये आणि "बारीक झालीस, छान दिसतेस" असेही म्हणू नये. आजारी मुलीच्या कानांना ती शाबासकीच वाटते. ताटावरून उठणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, अंग झाकणारे ढगळ कपडे, पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, एकलकोंडेपणा यांतले दोनचार एकत्र दिसले तर रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे आणि लवकर न्यावे. मोबाईल हिसकावून घेण्याआधी तेथे तिला काय मिळते ते विचारावे आणि तेच घरात देता येते का पाहावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येकीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

ज्या घरात असे आजारपण असेल तेथील आईला आठवड्यातून एक दुपार विसावा देण्यासाठी आपल्यापैकी दोघींनी आळीपाळीने त्या मुलीशेजारी जेवायला बसावे, असे मी कार्यकारिणीला कळविले आहे. आपला डबा घेऊन जायचे, उपदेश करायचा नाही, फक्त सोबत जेवायचे. माझे नाव त्या यादीत पहिले लिहावे.